बाळंतपणाची रजा : पगार कोणाच्या खिशातून?

भोसरी एमआयडीसीत एक लहान वर्कशॉप आहे. बारा माणसं, दोन सीएनसी मशिनं, एक जुनं लेथ आणि कोपऱ्यात काचेची केबिन. तिथलं पगारपत्रक मी करते, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक चक्कर ठरलेली. अशाच एका चकरेत शेठनी केबिनचं दार लोटून घेतलं. त्यांच्याकडे क्वालिटीला असलेल्या मुलीला पाचवा महिना लागला होता आणि तिनं रजेचा अर्ज दिला होता.

"ताई, रजा घेऊ दे. चार दिवस जास्त घेतली तरी माझी ना नाही. पण सहा महिन्यांचा पगार मी द्यायचा? मी एकट्यानं?"

कायदा काय म्हणतो ते मी सांगितलं आणि विषय तिथंच थांबवला. मनातून राग आला होता. पण घरी येईपर्यंत त्यांचा 'एकट्यानं' हा शब्द काही डोक्यातून जाईना. पुढं जसजसं वाचत गेले तसं लक्षात आलं की या सगळ्या वादाची गाठ त्याच शब्दात आहे.

'बाळंतपणाची भरपगारी रजा मालकानं द्यावी का?' हा प्रश्न एक दिसतो, पण त्यात दोन प्रश्न गुंतलेले आहेत. बाळंतपणात बाईचा पगार चालू राहावा का, हा एक. तो पगार कोणाच्या खिशातून यावा, हा दुसरा. पहिल्याला माझं उत्तर 'हो' आहे आणि त्यात किंतु नाही. दुसऱ्याचं उत्तर मात्र आपल्या कायद्यानं अर्धवट दिलंय, आणि त्याची झळ मालकापेक्षा बायकांनाच जास्त बसते. दोन प्रश्न वेगळे न केल्यामुळे चर्चा नेहमी भलतीकडे जाते. खर्चाबद्दल बोलणारा माणूस बाईच्या विरोधातला वाटतो आणि बाईच्या बाजूनं बोलणाऱ्याला धंदा कळत नाही असं ठरतं.

आज कायदा काय देतो

मूळ प्रसूती लाभ कायदा १९६१ चा. त्यात १२ आठवड्यांची भरपगारी रजा होती. २०१७ च्या दुरुस्तीनं ती २६ आठवडे झाली. त्यातले जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीच्या आधी घेता येतात. दोन मुलं हयात असतील तर पुढच्या बाळंतपणाला १२ आठवडेच मिळतात. तीन महिन्यांच्या आतलं बाळ दत्तक घेतलं तर १२ आठवडे, सरोगसीतून बाळ झालेल्या आईलाही १२. गर्भपात झाला तर ६ आठवडे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या आणि हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला, पण या मुख्य तरतुदी तशाच राहिल्या.

हक्क मिळायला एकच मोठी अट आहे. प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत त्या मालकाकडे किमान ८० दिवस काम झालेलं हवं. लग्न झालंय का, नोकरी कायम आहे की हंगामी, याच्याशी या हक्काचा संबंध नाही. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरच्या मस्टरमधल्या बायकांना हा लाभ द्यायला लागेल, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलं आहे. रजेवर असताना नोकरीवरून काढणं बेकायदा आहे. ५० किंवा जास्त माणसं असतील तिथं पाळणाघर लागतं आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे.

एक तरतूद फार जणींना माहीत नसते. प्रसूतीआधीच्या काळाचे पैसे आगाऊ द्यायचे असतात आणि बाळ झाल्याचा दाखला दिल्यापासून उरलेल्या काळाचे ४८ तासांत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी ते महिन्याच्या पगारासारखे दिले जातात. बाईची हरकत नसेल तर ठीक, पण कायद्यात काय लिहिलंय हे तिला ठाऊक तरी असावं.

प्रसूतीनंतरचे पहिले सहा आठवडे तर मालकानं बाईला कामावर ठेवायचंच नाही, तिची तयारी असली तरी. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस. साधारण एवढ्याच काळाला आपल्या आज्या सव्वा महिना म्हणायच्या. खाट, शेक-शेगडी, डिंकाचे नि हळिवाचे लाडू, पाण्यात हात घालायचा नाही. त्यातल्या विटाळाच्या कल्पना टाकून द्यायच्याच, पण फाटलेलं-शिवलेलं शरीर भरून यायला एवढे दिवस लागतात हे त्या पक्कं ओळखून होत्या. उरलेल्या साडेचार महिन्यांमागे दुसरं कारण आहे. पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. २६ आठवडे म्हणजे तेच सहा महिने.

२१,००० ची रेघ

आता पैशाकडे येऊ.

पगार महिना २१,००० पर्यंत असेल आणि जागा ईएसआय या कामगारांच्या सरकारी विम्याखाली येत असेल, तर बाळंतपणाच्या रजेचा पैसा मालक देत नाही. तो राज्य कामगार विमा महामंडळाकडून येतो. २०१९ पासून या विम्यात मालक पगाराच्या ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के भरतो. पुरुष असो वा बाई, तरुण असो वा पन्नाशीचा, वर्गणी सगळ्यांसाठी तेवढीच. या गोळा झालेल्या पैशातून दवाखाना चालतो, आजारपणाचा भत्ता मिळतो आणि बाळंतपणाचा पगारही. वर्कशॉपमध्ये दोन बायका असोत की दहा, मालकाच्या चलनाचा, म्हणजे दरमहा भरायच्या वर्गणीचा, टक्का बदलत नाही.

पगार २१,००० च्या वर गेला की हे सगळं बंद. तिथून पुढं २६ आठवड्यांचा पूर्ण पगार ज्याच्याकडे ती कामाला आहे त्या मालकानं स्वतःच्या गल्ल्यातून द्यायचा. पीएफ आहे, ग्रॅच्युइटी आहे, पण बाळंतपणासाठी सामाईक खातं असं काही नाही.

शेठकडच्या मुलीचा पगार २६,००० होता. सहा महिन्यांचे ढोबळमानानं १,५६,००० रुपये. ती नसताना तपासणी थांबवता येत नाही, म्हणून बदली माणूस घ्यायचा, त्याचा पगार वेगळा. शिवाय त्याला व्हर्नियर, मायक्रोमीटर आणि त्या गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग समजेपर्यंत महिना जाणार. हजार माणसांच्या कंपनीत हा खर्च दिसतसुद्धा नाही. बारा माणसांच्या वर्कशॉपमध्ये, गिऱ्हाइकाचं पेमेंट नव्वद दिवसांनी येत असताना, तो दिसतो.

तीच मुलगी २०,००० पगारावर असती तर शेठना बाळंतपणाच्या पगारापोटी एक रुपयाही द्यावा लागला नसता. म्हणजे बाई जरा शिकली, हुशार निघाली, पगार वाढला की त्याच क्षणी ती मालकाच्या हिशोबात 'जोखीम' होते. पगारपत्रकं करताना ही २१,००० ची रेघ माझ्या डोळ्यासमोर रोज असते आणि रोज खुपते.

त्या मुलीला पैसे पूर्ण मिळाले. शेठ सरळ माणूस आहेत. पण पुढच्या वर्षी क्वालिटीची आणखी एक जागा निघाली, तेव्हा आलेल्या अर्जांत मुलींचे जास्त होते आणि घेतला गेला एक मुलगा. कोणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही. बाईला बाळंतपणात काढलं तर कायदा धावून येतो. बाईला मुळात घेतलंच नाही तर कोणत्या कोर्टात काय दाखवणार? नोकरी देताना स्त्री-पुरुष भेद करायचा नाही हे १९७६ पासून कायद्यात आहे. पण 'दुसरा उमेदवार जास्त योग्य वाटला' या वाक्यापुढे तो कायदा हतबल होतो. 'लग्न कधी करणार?', 'घरी मूल वगैरे?' हे प्रश्न मुलाखतीत का विचारले जातात, ते आता वेगळं सांगायला नको.

शंभर वर्षांपूर्वीची हीच गोष्ट

हे सगळं नवं आहे असं समजू नका. आपल्याच मुंबईत हा प्रयोग एकदा होऊन गेलाय.

१९१९ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची पहिली परिषद वॉशिंग्टनला भरली. भारतीय कामगारांच्या बाजूनं तिथं गेले होते ना. म. जोशी, ज्यांच्या नावाचा रस्ता लोअर परळच्या जुन्या गिरण्यांमधून जातो. त्या परिषदेत बाळंतपणाबद्दल करार झाला : १२ आठवडे रजा, आणि त्या काळातला पैसा सरकारी तिजोरीतून किंवा विम्यातून. मालकाच्या खिशातून, असं त्यात नव्हतं. शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांना धोका दिसला होता.

जोशींनी १९२४ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपण भत्त्याचं विधेयक मांडलं. ते फेटाळलं गेलं. मग मुंबई प्रांतात प्रयत्न झाला. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या विधेयकाच्या बाजूनं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं : बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं हे देशाच्याच हिताचं आहे, त्यामुळे हा भार मुख्यतः सरकारनं उचलायला हवा. पण सरकार तो उचलत नाही तोवर मालकही मोकळा सुटू शकत नाही, कारण बायकांना कामावर ठेवण्यात त्याचा फायदा आहे म्हणूनच तो त्यांना ठेवतो.

हा युक्तिवाद मला आजही सगळ्यात नेमका वाटतो. भार कोणाचा असायला हवा, हे एक. तो ज्याचा आहे त्यानं उचलेपर्यंत बाईनं उपाशी राहायचं का, हे दुसरं. बाबासाहेबांनी दोन्ही प्रश्नांना वेगवेगळी उत्तरं दिली आणि दुसऱ्या प्रश्नासाठी वाट पाहायला नकार दिला.

१९२९ मध्ये मुंबईचा कायदा झाला, देशातला पहिला. जबाबदारी मालकावर. गिरण्यांत तेव्हा वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळायच्या खात्यांत हजारो बायका होत्या. पुढच्या दशकांत त्यांचं प्रमाण घटत गेलं. त्याला नवी यंत्रं कारण होती, बायकांना रात्रपाळीला असलेली बंदी कारण होती, आणि बाळंतपणाचा खर्च टाळण्याची मालकांची इच्छाही त्या कारणांत होती. या तीन कारणांतलं कोणतं किती, हे वजन करून सांगणं शक्य नाही. पण तिसरं कारण त्या यादीत असावं, हेच पुरेसं वाईट आहे.

स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेच्या अनुच्छेद ४२ मध्ये प्रसूती साहाय्याची तरतूद करण्याचं काम राज्यसंस्थेकडे दिलं गेलं. १९६१ च्या कायद्यानं मात्र बिल पुन्हा मालकाकडे पाठवलं.

१९६५ मधला मुंबईचाच एक खटला सांगते, कारण त्यातलं न्यायालयाचं वाक्य शेठसारख्या प्रत्येक मालकाच्या उपयोगाचं आहे. एका औषध कंपनीत नियम होता की एका खात्यातल्या मुलीनं लग्न केलं की तिची नोकरी संपली. कंपनीचं म्हणणं, लग्न झालेल्या बायकांच्या गैरहजेऱ्या जास्त होतात. सर्वोच्च न्यायालयानं हा नियम रद्द केला. फरक पडतो तो फक्त बाळंतपणाच्या रजेचा, आणि त्यासाठी काही जादा बायका रजा-राखीव म्हणून ठेवल्या की भागतं, एवढ्यासाठी नोकरी घालवायचं कारण नाही, असं न्यायालय म्हणालं. बरोबरच होतं ते. पण बारा माणसांच्या वर्कशॉपला रजा-राखीव माणूस परवडत नाही. तिथं कोणीतरी मदत करावी लागते.

वर्गणी काढली तर किती येते?

कागदावर करून बघू. आकडे समजण्यापुरते माझे आहेत.

समजा शंभर माणसांचं एक सामाईक खातं आहे, सगळ्यांचा पगार सारखा. वर्षाला त्यातल्या तीन बायका बाळंत होतात आणि प्रत्येकीला सहा महिने पगार द्यायचाय. म्हणजे १८ महिन्यांचा पगार. शंभर माणसांचा वर्षाचा पगार म्हणजे १,२०० महिने. अठरा भागिले बाराशे, दीड टक्का.

शेठच्या बारा जणांचा पगार सरासरी २६,००० धरला तर महिन्याचं पगारपत्रक ३,१२,००० चं. त्याचा दीड टक्का ४,६८० रुपये. एकदम दीड लाखांचा फटका, की महिन्याला साडेचार हजारांची वर्गणी? मालकाला लांबच्या पल्ल्यात हे स्वस्तच पडेल असं मी म्हणणार नाही. ज्याच्याकडे एकही बाई नाही त्याला तर ते महाग पडेल. आणि तेच हवं आहे. कारण मग बाई न ठेवून एक पैही वाचत नाही. मुलाखतीत समोर मुलगी बसलीय की मुलगा, यानं चलन बदलत नसेल, तर 'लग्न कधी?' हे विचारण्यामागचा हिशोबच उरत नाही.

जर्मनीत हेच करतात. तिथं बाळंतपणाच्या काळात विम्याकडून ठरावीक रक्कम मिळते आणि पगाराला कमी पडणारा फरक मालक देतो. पण मालकाला तो पूर्ण परत मिळतो, एका सामाईक वर्गणीतून. आधी ही वर्गणी लहान कंपन्यांपुरती होती. २००३ मध्ये तिथल्या घटना न्यायालयानं म्हटलं की ज्या मालकाला परतावा मिळत नाही तो बायकांना घ्यायला कचरेल, ही व्यवस्था समानतेला धरून नाही. २००६ पासून सगळ्या कंपन्या ही वर्गणी भरतात, ज्यांच्याकडे फक्त पुरुष आहेत त्यासुद्धा. ब्रिटनमध्ये मालक कायद्यानं ठरलेला भत्ता देतो आणि त्यातला ९२ टक्के सरकारकडून वळता करून घेतो. लहान मालकाला पूर्ण मिळतो आणि वर थोडं जास्त. सिंगापूरमध्ये १६ आठवड्यांपैकी, पहिल्या दोन बाळंतपणांसाठी, निम्मे आठवडे मालकाचे आणि निम्मे सरकारचे. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर पगारी रजाच नाही. १९९३ चा कायदा ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी १२ आठवडे बिनपगारी देतो. तिकडे नोकरी करणाऱ्या आपल्या मुली साठवलेली रजा, कंपनीची कृपा आणि भारतातून आलेली आई, अशी मोट बांधून बाळंतपण काढतात.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २००० सालच्या करारात तर हे कलम उघड शब्दांत आहे. बाईला नोकरीच्या बाजारात फटका बसू नये म्हणून हा पैसा सक्तीच्या सामाजिक विम्यातून किंवा सरकारी निधीतून यावा, एकट्या मालकावर त्याचा थेट बोजा नसावा. भारतानं तो करार स्वीकारलेला नाही. २०१८ मध्ये केंद्रीय श्रम मंत्रालयानं एक योजना पुढं केली होती. १५,००० पर्यंत पगार असलेल्या बायकांसाठी, वाढलेल्या १४ आठवड्यांपैकी सात आठवड्यांचा पगार मालकाला परत द्यायचा. विचार योग्य दिशेचा होता.

ज्यांना मालकच नाही

इथवर जे लिहिलं ते पगारपत्रकावर नाव असलेल्या बायकांबद्दल. देशातल्या बहुतेक कष्टकरी बायकांचं नाव कुठल्याच पगारपत्रकावर नसतं. 'मालकानं द्यावं' म्हटल्यावर त्यांनी कोणाकडे बघायचं?

बीड, अहिल्यानगर, जालन्याकडून ऊसतोडीला निघणारं जोडपं म्हणजे 'एक कोयता'. नवरा-बायको मिळून एक. उचल घेतलेली असते मुकादमाकडून, तीही नवऱ्याच्या नावावर. हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, पार उन्हाळा लागेपर्यंत. एक दिवस काम चुकलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. पोटात बाळ असलं तरी मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, बाळंत व्हायचं आणि थोड्या दिवसांत पुन्हा फडात उभं राहायचं, कारण ती बसली तर अर्धा कोयता बसला. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या हजारो ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली गेल्याचं पुढं आलं, तेव्हा महाराष्ट्र हादरला. त्या गोष्टीत डॉक्टरांचा दोष होता, गरिबीचा होता, आणि खाड्याचाही होता. दुखण्याला आणि बाळंतपणाला जिथं सुट्टीच नाही, तिथं बाईच्या शरीरानं कामाच्या आड येऊ नये अशी व्यवस्था लावली गेली.

या बाईचा मालक कोण? कारखाना म्हणतो मुकादम, मुकादम म्हणतो मी तुमच्यातलाच. साखरेच्या प्रत्येक पोत्यात तिचे हात आहेत आणि तिच्या बाळंतपणात कोणाचाच हात नाही.

तरी यावर तोडगा निघू शकतो, आणि तो आपल्याच राज्यात दुसऱ्या कामात चालू आहे. बांधकाम मजूरही आज या साइटवर, उद्या त्या साइटवर, त्यांनाही एक मालक नसतो. १९९६ च्या कायद्यानं बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर बसवला. तो पैसा बांधकाम कामगार मंडळाकडे जमा होतो. महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या बाईला नैसर्गिक प्रसूतीसाठी १५,००० आणि सिझेरियनसाठी २०,००० रुपये त्यातून मिळतात, दोन बाळांपर्यंत. नोंदणीसाठी ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो मिळवताना बायका मेटाकुटीला येतात, हे मी जवळून पाहिलंय. रक्कमही सहा महिन्यांच्या मजुरीच्या जवळपास जात नाही. पण पाया बरोबर आहे. इमारत बांधणाऱ्यानं उपकर भरायचा, साइटवर बायका असोत-नसोत. कामाची जागा बदलली तरी हक्क बाईबरोबर चालत जातो.

साखरेच्या टनामागे असंच काही ठरवून ते थेट ऊसतोड बाईच्या खात्यात, तिच्या नावावर, का जाऊ नये? उचल नवऱ्याच्या नावावर असते म्हणून तर हे जास्तच महत्त्वाचं.

सरकारी तिजोरीतून आज गरजू बायकांसाठी जे आहे ते प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून. पहिल्या बाळाला ५,००० रुपये हप्त्यांनी, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं गरोदर बाईला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला होता. तेव्हापासून डाळीचा, गॅसचा, सोनोग्राफीचा दर कुठं गेला आणि हा आकडा कुठं राहिला, हे कुठल्याही अंगणवाडीताईला विचारा.

'आम्ही का भरायचं?'

वर्गणीचं बोलणं काढलं की हा प्रश्न येतो. मुलं नसलेल्यानं, पुरुषानं, पन्नाशीतल्यानं दुसऱ्याच्या बाळंतपणासाठी का भरायचं?

ईएसआयमध्ये आपण रोज हेच करतो. ज्याला कधी क्षय झाला नाही तो क्षयाच्या रुग्णासाठी भरतो. ज्याचं बोट प्रेसखाली आलं नाही तो बोट गेलेल्याच्या पेन्शनसाठी भरतो. शिवाय आज जन्मलेलं बाळ वीस-पंचवीस वर्षांनी काम करायला लागेल, वर्गणी भरेल, मुलं नसलेल्या त्याच माणसाच्या म्हातारपणी दवाखान्यात नर्स म्हणून उभं असेल. पूर्वी पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं आणि खर्च मुलीच्या बापानं करायचा. आता ती जबाबदारी एका बापाकडून काढून एका मालकावर टाकली, एवढंच आपण केलं. ती वाटून घ्यायची राहून गेली.

पुरुषांचा मुद्दा दुसऱ्या बाजूनंही बघायला हवा. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस रजा आहे. खासगी नोकरीत कायद्यानं एकही दिवस नाही. बाळ झाल्यावर सहा महिने घरी थांबणार ती बाईच, हे जोवर पक्कं आहे, तोवर पगाराचा पैसा कुठूनही आला तरी मालकाच्या मनात 'मुलगी घेतली तर काम अडेल' हे राहणारच. स्वीडनमध्ये आई-बाप मिळून ४८० दिवस मिळतात, त्यातले ९० दिवस प्रत्येकाचे स्वतःचे, दुसऱ्याला देता येत नाहीत. बापानं घेतले नाहीत तर ते वाया जातात. आपल्याकडे सुरुवात महिन्याभरानं जरी झाली, तरी सिझेरियनचे टाके ओले असताना पाण्याची बादली कोण उचलणार, हा प्रश्न घरातल्या घरात सुटेल.

परवा भोसरीला गेले होते. ती मुलगी कामावर परत आली आहे, बाळ आता चालतं. शेठना मी दीड टक्क्याचं गणित कागदावर मांडून दाखवलं, वरती लिहिलंय तसंच. त्यांनी चष्मा वर करून आकडे दोनदा पाहिले.

"महिन्याला साडेचार हजार? एवढंच ना? मग पुढच्या महिन्यापासून चलन काढा की, ताई. मी भरतो."

मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. २१,००० च्या वरच्या पगाराला असं चलन भरायची सोयच अजून कोणी केलेली नाही, हे त्यांना सांगावं लागलं.